धूम्रनाथाची पितळी वाटी

एका राज्यात जेवताना बोलायची बंदी होती. राज्य कुठलं ते विचारू नका. नाव सांगितलं तर तिथली माणसं जेवायला बोलावतील, आणि आता ती एकदा बोलायला बसली की हात वाळून कोरडे होईपर्यंत उठू देत नाहीत. पण त्या काळी तसं नव्हतं. राजाच्या खापरपणजोबाच्या घशात हसता हसता माशाचा काटा अडकला, आणि त्या दिवशी हुकूम निघाला: ताटावर बसलं की तोंड घासापुरतंच उघडायचं. राजवाडा गप्प, म्हणून प्रजाही गप्प. पाचशे पानांची पंगत बसे आणि ऐकू काय येई, तर भुरके.

सवय वाईट असते. ताटावरचं मौन हळूहळू ओसरीवर आलं, मग पाणवठ्यावर. "कसं काय", "बरं आहे ना" असली बिनकामाची बोलणी लोक विसरूनच गेले. काम असेल तेवढं बोलत, नाहीतर माना हलवत.

त्या राज्याचा राजा रत्नकेतू आणि राणी सुरंगा. राजा मोठा खवय्या. राणी चाळिशी ओलांडलेली, अंगाने गोल, स्वभावाने गरीब. माहेरी असताना ती फार बोलकी होती म्हणतात, पण सासरी येऊन तिच्या बोलण्याचंही गाठोडं बांधलं गेलं. रांधणं तर तिला कधी ठाऊकच नव्हतं. "माझ्या हातून चूल पेटली, तर अग्निदेवाची तब्येत बरी नाही असं समजा," असं ती स्वतःच म्हणायची. मनातल्या मनात. मोठ्याने म्हणायला ऐकणारं कोण होतं?

राजवाड्यामागे काळा डोंगर. डोंगरावर धूम्रनाथ मांत्रिक राहत असे. तो नद्या वळवी, ढग बांधून ठेवी, वाघाला शेळीच्या आवाजात बोलायला लावी. म्हटलं तर मांत्रिक, म्हटलं तर शेजारी. संध्याकाळी त्याच्या डोंगराची सावली राणीच्या तुळशीपर्यंत येई.

एके दिवशी त्या डोंगरावरून एक पितळी वाटी आली. हवेतून आली, आपली आपण, वर केळीचं पान झाकलेलं. राणीच्या पुढ्यात उतरली. आत शेवयांची खीर. राणीने एकटीने सगळी खाल्ली, वाटी बोटाने पुसून घेतली, आणि हुकूम दिला, "चिंच आणि राख लावून घासा. तोंड दिसलं पाहिजे. मग मानाने परत पाठवा."

तीन दिवस वाटी घासली. तोंड दिसू लागलं. पालखीत ठेवून, वर छत्र धरून, चवऱ्या ढाळीत तिला डोंगराच्या पायथ्याशी पोचवलं. एवढा मान त्या राज्यात कुठल्या वाटीला मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरून धूर उतरला आणि धुरातून आवाज आला.

"राजा! तुझ्या राज्याची चव मी नेली. परत हवी असेल, तर जे द्यायचं राहिलंय ते घेऊन माझ्या दारात या."

झालं. श्रीखंड लागे तसंच लागे ओलं फडकं. पुरण म्हणजे माती, आणि लोणचं म्हणजे तीच माती, तेल लावलेली. बरं, एवढ्यावर भागलं असतं तर लोकांनी मान हलवून सोसलं असतं. पण बिनचवीचं अन्न अंगी लागेना, आणि माणसं हलकी होत चालली. आधी पावलं जमिनीवर नीट टेकेनात. मग बायका ओच्यात दगड बांधून पाण्याला जाऊ लागल्या. पुरुष पागोट्यात वरवंटे ठेवू लागले. पाळण्यातली मुलं तर पाळण्याच्या वर झोपत.

ज्याला खाण्याची आवड जास्त, तो जास्त हलका. म्हणून राजाची गत सगळ्यांहून वाईट. रत्नकेतू सिंहासनावर चार हात उंच तरंगायचा आणि त्याला रेशमी दोरीने पायाशी बांधून ठेवलं होतं. त्याने धूम्रनाथाला सोन्याचे गाडे पाठवले. परत आले. हत्ती पाठवले, परत आले. अर्ध्या राज्याचं दानपत्र पाठवलं, तेही परत आलं. माहूत म्हणाला, "महाराज, डोंगरावर दारच नाही. नुसता कातळ आहे."

आणि वाऱ्याचा महिना तोंडावर आला.

प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, एकदा वारा सुटला की दोरी टिकणार नाही."

राणी सिंहासनापाशी गेली. वर पाहिलं.

राजा म्हणाला, "दोरी तपासली?"

"तपासली, महाराज."

"घट्ट आहे?"

"घट्ट आहे."

एवढंच. वीस वर्षांचा संसार, आणि नवरा उडून जायला निघालेला, तरी दोरीपलीकडचं एक वाक्य दोघांना सुचेना. राणीने दोरीला उगाच आणखी एक गाठ मारली, डोळे पुसले, आणि प्रधानाला म्हणाली, "डोंगरावर आम्ही जातो."

"आपण? आपल्याला वाट ठाऊक नाही."

"ठाऊक नाही ती चुलीची. डोंगराची समोर दिसते आहे."

मुदपाकखान्यामागे एक पिंजरा होता. त्यात मंजुळा नावाची साळुंकी. पंगतीत बडबडली म्हणून तिला जन्मभराची कैद झाली होती. सगळ्या राज्यात बोलण्याचा सराव असलेली ती एकटीच, म्हणून राणीने पिंजरा उघडला आणि तिला खांद्यावर घेतलं.

"सुटले गं बाई!" साळुंकी म्हणाली. "आता ऐक, राणीबाई. धूम्रनाथाचं दार विकतचं आणि लुटीचं घेऊन जाणाऱ्याला दिसत नाही. आपल्या हातचं काही रांधायला घेतलं तरच दिसतं."

"रांधायचं? मी?" राणी मटकन खाली बसली. म्हणजे बसायला गेली, पण हलकी असल्यामुळे वेळ लागला. "मग महाराज उडालेच म्हणायचे."

"वाटेत तीन ठाणी आहेत. पहिल्या ठाण्याला पीठ, दुसऱ्याला विस्तव, तिसऱ्याला लोणी. तिन्ही मागून आणायचं."

"तलवार घेऊ का?"

"तलवार दाखवून आजवर कुणाला वाटीभर ताक तरी मिळालंय का? बोलायला शीक."

पहिलं ठाणं राक्षसिणीचं. डोंगराएवढं जातं, आणि ती गरगर दळत बसलेली. जात्याभोवती मोडक्या ढालींचा खच. पीठ घ्यायला आलेल्या शिपायांचं काय झालं असेल, ते कळायला मोठी अक्कल लागत नव्हती.

राणीने पदर सावरला. "आम्ही महाराणी सुरंगा. आम्हांस पीठ हवे आहे."

"तुमचंच करू का?" राक्षसीण म्हणाली.

साळुंकीने राणीच्या कानाला चोच मारली. "हे काय बोलणं झालं? घरी आलेली बाई आधी काय विचारते?"

राणीला माहेर आठवलं. आईकडे शेजारीण यायची आणि उंबऱ्यातूनच काहीतरी विचारायची. काय बरं? तिने घसा साफ केला. "मावशी, जेवण झालं का?"

जातं थांबलं. एवढं थोरलं जातं थांबलं, तर नदीचा आवाज ऐकू यायला लागला.

"नाही गं," राक्षसीण म्हणाली. "कुठलं जेवण! शंभर वर्षं झाली, कुणी विचारलं नाही. बैस."

राणी बसली. मग काय सांगावं! राक्षसिणीचा गुडघा निघाला, मग सून निघाली, मग सुनेच्या माहेरचे निघाले. राणी "अगंबाई" आणि "खरंच?" एवढंच म्हणत होती, पण मनापासून म्हणत होती. ऊन कलल्यावर राक्षसीण कणग्या खरवडू लागली. ज्वारी तळाला थोडी, बाजरी थोडी, हरभरा मूठभर, उडीद, तांदूळ, ओंजळभर धणे.

"सगळं तळाचंच उरलंय, त्यामुळे भेसळ होईल. आणि भाजलेलं आहे हं. कच्चं मला बाधतं."

तिने ते दळून एका मोठ्या खापरात घालून दिलं. "खापर सावकाश परत कर. पण रिकामं नको."

"रिकामं का नको?" राणीने विचारलं.

"अगं, काय विचारतेस! शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देतं का? काही नसलं तर साखरेचे चार दाणे घालावेत. रिकामं दिलं म्हणजे, तुझं आम्हाला पोचलंच नाही, असं झालं."

राणीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"काय झालं?" साळुंकीने विचारलं.

"मंजुळे, ती वाटी," राणी म्हणाली. "आम्ही चवऱ्या ढाळीत पाठवली, पण रिकामी. आणि खीर कशी झाली होती, तेही सांगितलं नाही. द्यायचं राहिलं ते हे होय! आणि महाराज बिचारे हत्ती पाठवताहेत."

दुसरं ठाणं नागाचं. वारुळाच्या तोंडाशी वेटोळं घालून बसलेला, फण्यावर मणी, आणि पुढ्यात कधीही न विझणारा विस्तव.

"नागोबा, बरं आहे ना?" राणीने या खेपेला आपण होऊन विचारलं.

"बरं कसलं," नाग म्हणाला. "माझी गोष्ट पुरती ऐकेल त्याला विस्तव मिळेल. अर्ध्यात उठला, तर मी चावतो."

गोष्ट होती त्याने कात टाकली त्याची. कातीच्या एकेका खवल्याची. कुठला खवला कुठल्या काट्याला अडकला, तो काटा कुठल्या बोरीचा, त्या बोरीची बोरं कुणी खाल्ली होती. साळुंकी दोनदा झोपली. राणीलाही जांभया येत होत्या, पण दर थोड्या वेळाने ती विचारी, "मग?"

नागाच्या डोळ्यांत पाणी आलं. "'मग' म्हणालीस तू," तो म्हणाला. "हजार वर्षांत मला कुणी 'मग' म्हटलं नाही." आणि विस्तवाचा एक निखारा त्याने आपल्या शेपटीने एका करवंटीत घालून तिला दिला. करवंटी जळली नाही. त्या राज्यात अशा गोष्टी होत असत.

तिसरं ठाणं यक्षिणीचं. तळ्याच्या मधोमध कमळावर उभी राहून ती ताक घुसळत होती. रूप असं, की बघणाऱ्याला आपला चेहरा झाकून घ्यावासा वाटे.

"लोणी हवंय?" ती म्हणाली. "नाव घे मग. उखाण्यात."

राणी घाबरली. "यक्षीणताई, तेवढं सोडून काहीही मागा. लग्नात घास भरवताना नाव घ्यायला सांगितलं होतं. मी दोन महिने पाठ केलं होतं. तोंड उघडलं, तर सगळी पंगत माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जिलबीच तोंडात कोंबली. महाराजांच्या नव्हे, माझ्याच."

यक्षिणीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण रवी थांबली नाही. "नाव घे."

खाली दूर राजवाडा दिसत होता. गच्चीवरचं निशाण फडफडायला लागलं होतं. वारा सुटत होता. राणीने डोळे मिटले. पाठ केलेला उखाणा कधीच विसरला होता, म्हणून मनात होतं तेच बाहेर आलं:

"दोरीला बांधून ठेवलेत, उडून जातील म्हणून,
रत्नकेतूरावांना उतरवीन खाली, एक घास भरवून."

यक्षीण हसली. तळ्यातली सगळी कमळं एकदम उघडली. "अगं, खरंच बांधून ठेवलंयस?"

"खरंच. दुहेरी गाठ मारून आले आहे."

"मग पळ!" असं म्हणून तिने ताज्या लोण्याचा गोळा पानावर ठेवला, चांगला लिंबाएवढा.

राणी धावत कातळापाशी पोचली. दार नव्हतं. तिने तीन दगड मांडले, नागाचा निखारा ठेवून फुंकर घातली, पीठ पानावर काढलं आणि खापर चुलीवर चढवलं.

"आता पाणी घाल," साळुंकी म्हणाली.

"किती?"

"मला काय ठाऊक? मी पक्षी आहे."

पीठ सैल झालं, मग घट्ट झालं, मग हाताला चिकटलं. राणीला लाटता येत नव्हतं, आणि लाटणंही नव्हतं. तिने खापराला लोण्याचं बोट फिरवलं आणि गोळा हातानेच थापला. गोल म्हणावा, तर चंद्राचा अपमान झाला असता. पण थापला. आणि थापल्याबरोबर तो उडाला.

उडणारच. शापित राज्यातल्या हातांचं ते, जमिनीवर कसं राहील? राणीने झेप घेऊन त्याला धरलं, खापरावर बसवलं, आणि पाची बोटं आत रुतवून दाबून ठेवलं. पाच भोकं पडली. बोटं भाजली. "आई गं!" म्हणाली, पण सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने थोडं लोणी भोकांत सोडलं, ते चुरचुरत खाली उतरलं आणि खालची बाजू खरपूस झाली.

"सोड आता, भाजशील!" साळुंकी ओरडली.

"सोडलं तर उडेल!"

"मग वर वजन ठेव!"

राणीने इकडेतिकडे पाहिलं. ओच्यातले दगड काही खाण्यावर ठेवायचे नाहीत. पानावर लोण्याचा शेवटचा गोळा राहिला होता, तोच तिने मधोमध ठेवला. आणि काय आश्चर्य, ते जागच्या जागी बसलं.

खमंग वास सुटला. कातळात दार उघडलं.

दाराच्या खुंटीला ती पितळी वाटी पालथी टांगलेली होती. खाली धूम्रनाथ बसला होता. नद्या वळवणारा तो मांत्रिक गुडघ्यांत मान घालून बसला होता, रुसलेल्या जावयासारखा.

राणीने वाटी काढली, सुलटी केली, आपल्या हातचं ते चौघडी करून तिच्यात ठेवलं, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"शेजारीबुवा," ती म्हणाली, "तुमची वाटी द्यायला उशीर झाला."

त्याने मान आणखी खाली घातली.

"खीर फार छान झाली होती. मी एकटीनेच खाल्ली. महाराजांना वासही येऊ दिला नाही. खाली जरा लागली होती, ती खरवड तर मला सगळ्यांत आवडली. तेव्हा सांगायला हवं होतं. आमच्याकडे सांगायची पद्धत नव्हती, पण जीभ तर होती."

धूम्रनाथाने मान वर केली. "ती मी मंत्राने केली नव्हती," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा हाताने केली होती. तीन दिवस दारात उभा होतो. म्हटलं, आता वाटी येईल, आता कुणी काही म्हणेल. पालखी दिसली, तेव्हा वाटलं, काय काय पाठवलंय! उघडून बघतो, तर माझंच तोंड."

"चिंचेने घासली होती," राणी हळूच म्हणाली.

मांत्रिकाला हसू आवरेना. त्याने एक तुकडा मोडला, खाल्ला, चावला, थांबला. खाली वारा घोंगावत होता.

"मीठ विसरलीस," तो म्हणाला.

"घ्या!" राणीने कपाळाला हात लावला. "चाखून बघितलं असतं, पण चव तुम्हीच नेलीत ना!"

"तेही खरंच." धूम्रनाथाने उपरण्याची गाठ सोडली. साऱ्या राज्याची चव त्या गाठीत बांधलेली होती. दिसायला ती चिमूटभर मीठ होती. त्याने ती चिमूट वाटीतल्या घासावर भुरभुरली.

आणि खाली राज्यात ज्याच्या त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. दगड गळून पडले. पाळण्यातली मुलं अलगद गादीवर उतरली. राजवाड्यात दोरी तुटायला आणि वजन परत यायला एकच गाठ पडली. रत्नकेतू धपकन सिंहासनावर आला, तो इतक्या जोरात, की सिंहासनाचा एक पाय आजही आखूड आहे.

राणी परत आली तेव्हा पंगत बसली होती. तिने उरलेल्या पिठाचं थापलं, आता उडत नव्हतं तरी बोटांनी भोकं पाडली, कारण तिला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. मीठ घातलं. वर लोणी ठेवलं. आपल्या हाताने पहिला घास राजाला भरवला आणि पाचशे पानांसमोर उखाणाही घेतला, कारण आता पाठ झाला होता.

राजाने घास गिळला. सगळ्या पंगतीने भिंतीकडे पाहिलं. खापरपणजोबाचा हुकूम भिंतीवर सोन्याच्या अक्षरांत होता.

राजा म्हणाला, "अजून आहे का?"

राणीला रडू फुटलं. वीस वर्षांत ऐकलेलं हे सगळ्यांत गोड वाक्य होतं. मग शेजारचा म्हणाला, "इकडे पण एक," त्याच्या शेजारचा म्हणाला, "काय घातलंय यात?", प्रधान म्हणाला, "माझ्या आईच्या हातची आठवण झाली हो," आणि बघता बघता असा कलकलाट माजला की मंजुळा साळुंकी वैतागून उठून गेली.

भिंतीवरचा हुकूम राजाने उतरवला. पाटी चांगली जाड होती, ती पोळपाटाला कामी आली.

राक्षसिणीचं खापर लोणच्यासकट परत गेलं. नागाची करवंटी दुधासकट, आणि बरोबर एक म्हातारा पुराणिक, ज्याला ऐकायची हौस होती. यक्षिणीला जिलबी गेली. धूम्रनाथाची वाटी दर दोन दिवसांनी खाली येते आणि वर जाते. कधी तिच्यात पिठलं असतं, कधी मऊ भात, कधी नुसते साखरेचे चार दाणे. त्याची खीर अजूनही खाली लागते. राणी दर वेळी सांगते, आणि दर वेळी खरवड मागून घेते.

लोकांनी त्या पदार्थाला थालीपीठ म्हणायला सुरुवात केली. तव्यावर टाकलं की आजही त्याला बोटांनी भोकं पाडतात, आणि वाढताना वर लोण्याचा गोळा ठेवतात. का, असं विचारलं तर सांगतात, तेल मुरावं म्हणून, चवीला बरं म्हणून. तेही खरंच आहे. पण ते उडून जाऊ नये आणि माणूस ताटापाशी टिकून राहावा, म्हणून ती रीत पडली.

अशी ती वाटी भरली, शाप फिटला, राजा जमिनीवर आला. जे पोटात पोचलं, त्याचं कौतुक ओठांवर येत गेलं. तव्यावरचं निवायच्या आत कहाणी संपली. ज्याने ऐकली, त्याने आज जेवताना वाढणाऱ्याला एक तरी शब्द द्यावा, आणि शेजारची वाटी घरात पडली असेल, तर ती उद्याच भरून पाठवावी.